परसातल्या कळपासाठी कोंबडा: निवड, समावेश आणि सांभाळ

घरामागे आठ-दहा कोंबड्या पाळणाऱ्या अनेकांचा असा समज असतो की कोंबडा नसेल तर कोंबड्या अंडी देणार नाहीत. हा समज चुकीचा आहे. तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, पाच-सहा महिन्यांची झाली आणि तिला पोटभर आहार व दिवसाचा पुरेसा उजेड मिळाला की ती अंडी घालू लागते. कोंबडा असल्याने तिच्या अंड्यांची संख्या वाढत नाही आणि नसल्याने घटतही नाही. फरक पडतो तो एवढाच की कोंबडा असेल तर अंडे फलित होते व त्यातून पिल्लू निघू शकते. म्हणून ज्यांना केवळ खाण्यापुरती अंडी हवी आहेत, ज्यांच्याकडे तीन-चारच कोंबड्या आहेत किंवा ज्यांच्या भिंतीला भिंत लावून शेजाऱ्यांची घरे आहेत, त्यांनी कोंबडा पाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र ज्यांना बाहेरून पिल्ले विकत न आणता घरच्या घरी कळप वाढवायचा आहे आणि ज्यांच्या कोंबड्या दिवसभर परसात किंवा बागेत मोकळ्या चरतात, त्यांच्यासाठी चांगला कोंबडा फार मोलाचा असतो. मोकळ्या कळपात पहारा तोच देतो. आकाशात घार किंवा शिक्रा दिसला तर तो लांब, बारीक आवाज काढतो आणि तो ऐकताच कोंबड्या झुडपाखाली किंवा पडवीत धाव घेतात. मुंगूस, कुत्रा किंवा रानमांजर जमिनीवरून येत असेल तर तो तुटक, मोठा कलकलाट करतो. या दोन इशाऱ्यांचे आवाज वेगळे असतात आणि कोंबड्यांना त्यांतला फरक कळतो. त्याशिवाय चारा सापडला की तो दाणा उचलून पुन्हा खाली टाकत कोंबड्यांना बोलावतो, अंडी घालण्याची जागा दाखवतो आणि कोंबड्यांची आपसांतली टोचाटोची बरीच आटोक्यात ठेवतो. हे सगळे चांगल्या कोंबड्याविषयी झाले. वाईट कोंबडा याच कळपाची पिसे उपटून ठेवतो आणि घरातल्या लहान मुलांना अंगणात उतरू देत नाही.

यासाठी मी नेहमी सांगतो की कोंबडा म्हणजे निम्मा कळप. दहा कोंबड्यांपैकी एखादी निकस निघाली तर तिचा दोष तिच्या पिल्लांपुरता राहतो. पण कोंबडा निकस निघाला तर पुढच्या पिढीतल्या प्रत्येक पिल्लात त्याचा वाटा असतो. तरीही बहुतेक घरांत कोंबड्या पारखून घेतल्या जातात आणि कोंबडा मात्र जो हाताशी आला तो ठेवला जातो.

किती कोंबड्यांमागे एक कोंबडा

गावठी, गिरिराज किंवा वनराज यांसारख्या मध्यम ते भारी बांध्याच्या पक्ष्यांमध्ये आठ ते दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा हे प्रमाण योग्य ठरते. महाराष्ट्र शासनाच्या पशुसंवर्धन विभागाच्या तलंगा गट योजनेत २५ माद्यांमागे ३ नर दिले जातात, म्हणजे तिथेही हिशोब साधारण आठास एक असाच आहे. कोंबड्या चार-पाचच असतील तर तो त्याच त्या कोंबड्यांवर वारंवार चढतो आणि त्यांच्या पाठीवरची व मानेमागची पिसे झडून कातडी उघडी पडते. दहा कोंबड्यांत दोन कोंबडे ठेवण्याचा मोह टाळावा, कारण ते सतत एकमेकांना हुसकावत राहतात आणि दोघांचेही रेतन नीट होत नाही. एकत्र वाढलेले दोन भाऊ पाच-सहा महिन्यांपर्यंत गुण्यागोविंदाने राहतात, पण पुढेही ते तसेच राहतील अशी आशा धरू नये.

कोंबड्याची पारख

पिल्ले सहा ते आठ आठवड्यांची झाली की नरांचा तुरा मादीपेक्षा मोठा व लालसर दिसू लागतो. दहा-बारा आठवड्यांनंतर मानेवर आणि शेपटीच्या मुळाशी लांब, टोकदार, चकचकीत पिसे येतात आणि मग शंका उरत नाही. निवड मात्र तेव्हाच पक्की करू नये. त्या वेळी दोन-तीन नर बाजूला काढावेत आणि अंतिम निर्णय ते पाच-सहा महिन्यांचे झाल्यावर घ्यावा, कारण स्वभाव तेव्हाच कळतो.

शरीराची तपासणी कोंबडा हातात घेऊनच करावी. छातीचे हाड बोटाने चाचपावे. ते सरळ असले पाहिजे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेले असले पाहिजे. पाय सरळ, दोन्हींमध्ये पुरेसे अंतर असलेले, आणि बोटे वाकडी नसलेली हवीत, कारण पायात दोष असलेला कोंबडा कोंबडीवर नीट तोल सांभाळू शकत नाही. वरची व खालची चोच एकमेकींवर बरोबर बसली पाहिजे. डोळे टपोरे व स्वच्छ, नाकपुड्या कोरड्या, तुरा लालभडक आणि गुदद्वाराभोवतीची पिसे स्वच्छ असावीत. पंखांखाली आणि गुदद्वाराजवळ पिसे विंचरून उवा व त्यांच्या लिखा पाहाव्यात. पायांवरचे खवले उचललेले व खरबरीत दिसले तर तिथे सूक्ष्म किडींचा उपद्रव असतो. असा कोंबडा उपचार झाल्याशिवाय कळपात घेऊ नये.

स्वभाव पाहण्यासाठी कोंबड्याला अर्धा तास दुरून न्याहाळावे. दाणा टाकल्यावर जो कोंबड्यांना बोलावतो आणि आधी त्यांना खाऊ देतो, तो ठेवण्याजोगा. माणूस जवळ आल्यावर जो दोन पावले बाजूला सरून कोंबड्यांच्या आणि आपल्या मध्ये उभा राहतो, तोही चांगला. जो सरळ अंगावर येतो तो दिसायला कितीही रुबाबदार असला तरी घेऊ नये. इथे एक गोष्ट अनुभवाने सांगावीशी वाटते: लहानपणापासून मांडीवर खेळवलेला, हातातून दाणे खाणारा नर मोठेपणी प्रेमळ होईल असे आपल्याला वाटते, पण पुष्कळदा उलट घडते. माणसाचे भय पूर्ण गेलेला कोंबडा माणसाला दुसरा कोंबडा समजून आव्हान देऊ लागतो. त्यामुळे कोंबडा म्हणून राखायच्या नराला माणसाळवावे, पण लाडावू नये.

सिंधुदुर्गात आणि गोव्यात झुंजीसाठी वाढवलेल्या कोंबड्यांची पिल्लेही विकायला येतात. त्यांचा बांधा उत्तम असला तरी भांडखोरपणा पिढ्यान्पिढ्या निवडून आणलेला असतो, त्यामुळे परसातल्या कळपासाठी ती टाळावीत. कोंबड्यांच्या झुंजी लावणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली गुन्हा आहे, हेही लक्षात ठेवावे.

बाहेरून कोंबडा आणताना

या टप्प्यावर सर्वांत जास्त नुकसान होते आणि माझेही झाले आहे. काही वर्षांपूर्वी आठवडी बाजारातून एक देखणा कोंबडा आणून मी त्याच संध्याकाळी खुराड्यात सोडला. पाचव्या दिवशी तो मलूल झाला, हिरवट हगवण सुरू झाली, मान वाकडी पडू लागली, आणि पुढच्या दहा दिवसांत माझ्या अकरा कोंबड्यांपैकी सात गेल्या. ती मानमोडी होती, म्हणजे राणीखेत रोग. या रोगावर औषध नाही. हाती असते ते फक्त लसीकरण आणि नवा पक्षी वेगळा ठेवण्याची शिस्त.

म्हणून बाहेरून आणलेला कोंबडा किमान २१ दिवस, शक्य असल्यास ३० दिवस, मुख्य खुराड्यापासून दूर, घराच्या दुसऱ्या बाजूला ठेवावा. त्याचे भांडे, झाडू आणि शक्य असल्यास आपल्या चपलाही वेगळ्या असाव्यात. रोज आधी जुन्या कळपाचे काम उरकावे आणि नंतर नव्या कोंबड्याकडे जावे. हा क्रम उलटा करू नये. या काळात त्याची विष्ठा, श्वासाचा आवाज आणि खाणेपिणे यांवर नजर ठेवावी, पशुवैद्यकांच्या सल्ल्याने जंताचे औषध द्यावे आणि उवा असतील तर त्यांचा बंदोबस्त करावा.

लसीकरणाचा रूढ क्रम असा आहे: पिल्लू ५ ते ७ दिवसांचे असताना डोळ्यात किंवा नाकात राणीखेतच्या लासोटा लसीचा थेंब, सुमारे चौथ्या आठवड्यात तिची पुनरावृत्ती, सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान देवीची लस, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास राणीखेतसाठी आर२बी लसीचे कातडीखाली इंजेक्शन. वयात आलेल्या कोंबड्याची लस झाली आहे की नाही याची खात्री नसेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून ती वेगळे ठेवण्याच्या काळातच द्यावी. लसीच्या एका कुपीत बहुधा शंभर किंवा अधिक मात्रा असतात आणि कुपी कालवल्यावर ती तास-दोन तासांतच वापरावी लागते. त्यामुळे वाडीतल्या चार-पाच घरांनी एकाच दिवशी पक्षी गोळा करून लस द्यावी, म्हणजे लसही वाया जात नाही आणि शेजारच्या परसातून रोग येण्याची भीतीही कमी होते. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातला पहिला बर्ड फ्लू आढळला आणि २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात तो पुन्हा दिसला. अचानक अनेक पक्षी मेले तर ते पुरून गप्प न राहता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवावे.

कळपात सोडण्याची पद्धत

वेगळे ठेवण्याची मुदत संपल्यावरही कोंबडा एकदम सोडू नये. आठवडाभर त्याला कळपाला दिसेल अशा जागी, जाळीच्या आड किंवा मोठ्या डालग्याखाली ठेवावे. दाणे जाळीच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी टाकावेत, म्हणजे एकत्र खाण्याची सवय लागते. त्यानंतर अंधार पडल्यावर, कोंबड्या दांडीवर बसल्या असताना, त्याला हळूच त्यांच्या शेजारी बसवावे. सकाळी खुराडे लवकर उघडून सर्वांना मोकळ्या जागेत जाऊ द्यावे. पहिले दोन दिवस जुन्या, दांडग्या कोंबड्या त्याला टोचतील आणि तो लहान वयाचा असेल तर पळेल. रक्त निघत नाही तोवर मध्ये पडू नये. रक्त निघाले मात्र तर त्याला लगेच बाहेर काढावे, कारण लाल जखम दिसली की सगळा कळप तिथेच टोचत राहतो.

खुराडे आणि आहार

रात्रीच्या निवाऱ्यात प्रत्येक पक्ष्याला दोन ते अडीच चौरस फूट जागा धरावी. दहा कोंबड्या व एक कोंबडा यांच्यासाठी सहा फूट बाय साडेचार फुटांचे खुराडे पुरते. बसण्याची दांडी प्रत्येकी आठ ते दहा इंच मिळेल इतकी लांब आणि जमिनीपासून दोन फुटांच्या आसपास असावी. भारी कोंबडा उंच दांडीवरून रोज कठीण जमिनीवर उडी मारू लागला तर तळव्याला इजा होऊन तिथे गळू होते. कोकणात पावसाळ्यात तळाला भाताचा तूस चार बोटे जाड पसरावा, तो दर दोन-तीन दिवसांनी वरखाली करावा आणि ओला झालेला भाग काढून टाकावा. ओल राहिली की रक्ती हगवण बोलावल्यासारखी येते.

कोंबड्याच्या आहाराविषयी सहसा कोणी बोलत नाही. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते, कारण त्यांना कवच घडवायचे असते. कोंबड्याला याच्या पाव हिश्शाइतकेच कॅल्शियम लागते आणि जादा कॅल्शियम दीर्घकाळ खाल्ल्याने त्याच्या मूत्रपिंडांवर ताण पडतो. यावर सोपा उपाय असा की सर्वांना कमी कॅल्शियमचे, वाढत्या पक्ष्यांचे खाद्य द्यावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. कोंबड्या गरजेप्रमाणे तो खातात आणि कोंबडा बहुधा त्याला तोंड लावत नाही. घरचे खाद्य करणाऱ्यांनी मका किंवा ज्वारीचा भरडा, तांदळाची कणी, कोंडा आणि शेंगदाण्याची किंवा सोयाबीनची पेंड असे मिश्रण करावे. पेंडीला बुरशी लागलेली नसावी.

चांगला कोंबडा कोंबड्यांना खाऊ घालण्यात इतका गुंततो की स्वतः उपाशी राहतो. महिन्यातून एकदा रात्री त्याला उचलून छातीचे हाड चाचपावे. ते सुरीसारखे धारदार लागू लागले तर आठवडाभर त्याला रोज वेगळे काढून मूठभर खाद्य व उकडलेले अंडे द्यावे. तीव्र उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, त्याची फलनक्षमता घटते. तेव्हा सावली आणि मातीच्या भांड्यात दिवसातून दोनदा बदललेले थंड पाणी ठेवावे आणि दुपारी खुराड्याच्या बाजूंना ओले गोणपाट लावावे.

अंगावर येणारा कोंबडा

पंख एका बाजूने खाली सोडून तिरका चालत येणे, मानेची पिसे फुलवणे आणि जमिनीवर उगाच चोच मारणे ही आव्हानाची लक्षणे आहेत. ती दिसली की मागे पळू नये, कारण पळणे म्हणजे त्याचा विजय. आणि लाथ किंवा काठीही मारू नये, कारण मारल्याने तो तुम्हाला प्रतिस्पर्धी ठरवून पुढच्या वेळी अधिक जोराने येतो. शांतपणे उभे राहावे, जाड पँट व बूट घालून त्याच्या दिशेने एक-दोन पावले टाकावीत आणि तो बाजूला सरेपर्यंत थांबावे. तेवढ्याने भागत नसेल तर त्याला पकडून पंख अंगाशी दाबून काखेत धरावे आणि दहा मिनिटे आपली कामे करत फिरावे. बहुतेक तरुण कोंबडे दोन-तीन आठवड्यांत निवळतात.

जे निवळत नाहीत ते ठेवू नयेत, याबाबत मी कोणतीही सवलत देत नाही. उडी मारून अंगावर येणाऱ्या कोंबड्याच्या पायाचा काटा आणि लहान मुलाचा डोळा जवळपास एकाच उंचीवर येतात. पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोठ्या माणसाशिवाय कोंबड्याजवळ पाठवू नये. काटा फार लांब व अणकुचीदार झाला तर त्याचे फक्त टोक कानशीने घासून बोथट करावे. आत जिवंत, रक्ताचा गाभा असतो, म्हणून मुळाशी कापू नये. चुकून रक्त आलेच तर हळद दाबून धरावी आणि रक्त पूर्ण थांबेपर्यंत त्याला वेगळे ठेवावे. कोंबड्यांच्या पाठी सोलवटत असतील तर काट्याबरोबर त्याच्या नखांचीही टोके घासावीत.

आरवणे आणि शेजार

कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही आपली म्हण सर्वांना ठाऊक आहे. पण कोंबडे झाकले म्हणून त्याचे आरवणेही थांबत नाही. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले की सततच्या मंद उजेडात ठेवलेले कोंबडेसुद्धा साधारण पहाटेच्याच वेळेला आरवतात, कारण ती वेळ त्यांच्या शरीरातले घड्याळ ठरवते. म्हणून खुराडे काळोखे केल्याने आवाज थोडा दबेल, बंद होणार नाही. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेसाठी आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि जवळून ऐकलेले आरवणे तिच्या कितीतरी पुढे जाते. त्यामुळे खुराडे शेजाऱ्यांच्या झोपण्याच्या खोलीपासून शक्य तितके दूर असावे आणि त्या बाजूची भिंत विटांची किंवा मातीची असावी. शहरात किंवा सोसायटीत राहणाऱ्यांनी स्थानिक संस्थेचे नियम आधी विचारून घ्यावेत. कोंबडा आणण्यापूर्वी शेजाऱ्यांशी बोललेले केव्हाही बरे.

फलित अंडी आणि उबवणी

कोंबडा कळपात आल्यापासून साधारण आठवडाभरात फलित अंडी मिळू लागतात. कोंबडी त्याचे बीज आपल्या शरीरात साठवून ठेवते, त्यामुळे कोंबडा काढल्यावरही दोन आठवडे, कधी तीन आठवड्यांपर्यंत अंडी फलित राहतात. याचा एक व्यावहारिक अर्थ असा की कोंबडा बदलला असेल आणि पिल्ले नव्याचीच हवी असतील तर तीन आठवडे थांबून मग अंडी राखावीत.

खाण्यासाठी फलित आणि वांझ अंड्यात चवीचा किंवा पोषणाचा फरक नसतो. ऊब मिळाल्याशिवाय गर्भ वाढत नाही. मात्र वैशाखातल्या उष्म्यात अंडी दिवसातून दोनदा गोळा करावीत आणि थंड जागी ठेवावीत.

उबवण्यासाठी मध्यम आकाराची, स्वच्छ, न धुतलेली आणि सात दिवसांपेक्षा जुनी नसलेली अंडी निवडावीत व ती निमुळते टोक खाली करून ठेवावीत. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणारी कोंबडी दोन-तीन दिवस एकाच जागी ठाम बसते याची खात्री झाल्यावर रात्री तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवावीत. सातव्या दिवशी अंधारात अंड्यामागे टॉर्च धरून पाहावे: तांबूस शिरांचे जाळे दिसले तर अंडे फलित, आणि आरपार नितळ दिसले तर वांझ. पिल्ले २१ व्या दिवशी निघतात. दहापैकी चार-पाच अंडी वांझ निघाली तर दोष बहुधा कोंबड्याकडे असतो. त्याचे वय, वजन, पाय आणि उन्हाळ्याचा ताण यांचा त्याच क्रमाने विचार करावा. आमच्याकडे कोंबड्या रवणाला, म्हणजे उबवणीला बसवण्यासाठी दिवाळीपासून माघापर्यंतचा काळ उत्तम ठरतो. जून-जुलैच्या ओलीत पिल्ले वाचवणे फार कष्टाचे होते.

जादा नर आणि कोंबडा बदलणे

निघणाऱ्या पिल्लांपैकी जवळपास निम्मे नर असतात. त्यांचे काय करायचे हे पहिली अंडी उबवायला ठेवण्यापूर्वीच ठरवावे. गावठी नराला आषाढात, गटारीच्या आधी चांगली मागणी असते आणि कोकणात राखणीसाठीही कोंबडा शोधला जातो. विकायचे नर चार महिन्यांचे झाल्यावर कळपातून वेगळे करावेत. कोंबड्या दृष्टीआड असतील तर ते आपसांत कमी भांडतात.

कोंबड्याची खरी उमेद सहा महिन्यांपासून दोन-अडीच वर्षांपर्यंत असते. शिवाय त्याच्याच मुली अंड्यावर आल्या की त्यांच्याशी त्याचा संकर होऊ देऊ नये, कारण जवळच्या नात्यातल्या संकराने पिढ्यान्पिढ्या पिल्लांचे निघणे कमी होते, वाढ खुंटते आणि पायांचे व चोचीचे दोष दिसू लागतात. यासाठी दर दीड-दोन वर्षांनी दुसऱ्या गावच्या, नात्यात नसलेल्या कळपाशी कोंबड्याची अदलाबदल करावी, किंवा पशुसंवर्धन विभागाच्या पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर व नागपूर इथल्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रांत पिल्लांची चौकशी करावी. नवा कोंबडा आणला तरी जुन्याला लगेच निरोप देऊ नये. त्याला वेगळ्या खुराड्यात ठेवावे, तीन आठवड्यांनंतरची नव्याची पहिली अंडी उबवणीच्या सातव्या दिवशी टॉर्चच्या उजेडात तपासावीत, आणि त्यांत शिरांचे जाळे दिसल्यावरच जुना कोंबडा कळपातून कायमचा काढावा.